तिळगुळाचे इंग्रजी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर एकच वाक्य लिहिते: तिळगूळ घ्या, गोड बोला. याचे इंग्रजी करायचे. दरवर्षी हाच पाठ, आणि दरवर्षी वर्ग पहिल्याच शब्दाला अडतो. आमची शाळा पंचगंगेकाठची. निम्म्या मुलांच्या घरी ऊस, चार-दोघांचे स्वतःचे गुऱ्हाळ. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे वासावरून सांगणारी ही मुले आधी ‘शुगर’ लिहितात, खोडतात, मग ‘स्वीट’ लिहितात, तेही खोडतात. एकदा एक मुलगा सरळच म्हणाला, “बाई, गुळाला इंग्रजीत शब्दच नसणार. त्यांच्याकडं गूळ हाय कुठं?”

त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. पण व्यापारात वस्तूबरोबर तिचे नावही गलबतात चढते, आणि गुळाचे चढले होते. ‘जॅगरी’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतो. आता गूळ आणि जॅगरी यांत एका गपलीकडे काही जुळत नाही. तेव्हा हा शब्द आपल्या घाटावरून गेलेला नाही हे उघड आहे. तो गेला मलबारातून. मल्याळममध्ये गुळाला ‘शर्क्कर’ म्हणतात. पोर्तुगिजांनी तो ऐकून ‘जागरा’ केला, इंग्रजांनी जागराचे जॅगरी केले. त्या किनाऱ्यावरचा हा जागरा बहुतेक ताडामाडाच्या रसाचा असावा, उसाचा नव्हे. पण नाव तेच.

‘शर्क्कर’ ऐकल्याबरोबर वर्गात कुणीतरी ‘शर्करा’ म्हणतेच. इथून पाठाला रंग चढतो. कारण शर्करा म्हणजे साखर हे सगळ्यांना ठाऊक असते, पण शर्करा म्हणजे आधी साखर नव्हती हे ठाऊक नसते. वैदिक वाङ्मयात शर्करा म्हणजे खडे, कंकर, वाळूची रेव. उसाचा रस आटवून त्याचे रवाळ, दाताखाली करकरणारे खडे करता येऊ लागले तेव्हा जुनेच नाव या नव्या खड्यांना मिळाले असे दिसते. आयुर्वेदाने मात्र मूळ अर्थ सोडला नाही. सुश्रुताकडे अश्मरी म्हणजे मूतखडा, आणि त्याच प्रकरणात बारीक रेव पडते तिला शर्करा. दोन्ही अर्थ एकाच ग्रंथात गुण्यागोविंदाने राहतात.

पालीत या शब्दाचे रूप आहे ‘सक्खरा’, आणि तिथेही रेव व साखर असे दोन्ही अर्थ आहेत. या रूपातला ख मला फार मोलाचा वाटतो. संस्कृतात क, हिंदीत शक्कर, गुजरातीत साकर, कोकणीत साकर, सगळीकडे क. मराठीत मात्र साखर. आपला ख हा काही उच्चारातला ढिसाळपणा नव्हे. तो पालीच्या सक्खराशी नाते सांगतो. आणखी एक साक्षीदार आहे, तो दूरचा. ग्रीकांनी साखरेला ‘साक्खारोन’ म्हटले, आणि तेही महाप्राण उच्चारून. याचा अर्थ त्यांच्या कानावर पडला तो पंडितांचा शर्करा नव्हता, तर बंदरावरच्या माणसांचा, आपल्या साखरेच्या जवळचा शब्द असावा. पहिल्या शतकातला वैद्य दिओस्कोरिदेस लिहून गेला आहे की, भारतात आणि अरबस्तानात बोरूवर एक गोठलेला मध मिळतो, दिसायला मिठासारखा आणि दाताखाली मिठासारखाच कुरकुरणारा. गुळव्याच्या घरच्या एका मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, “म्हंजे त्यानं खडीसाखर खाल्लीया.” तिचे निदान मला पटते.

ग्रीक साक्खारोनवरून लॅटिन साक्खारुम, आणि त्यावरून उसाचे शास्त्रीय नाव साकारम ऑफिसिनारम. पुढे १८७९मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरापासून एक अतिगोड पदार्थ निघाला, त्याचे नाव सॅकरिन. साखर नसलेल्या गोडीलाही नाव साखरेचेच.

दुसरी वाट इराणवरून गेली. फारसीत शर्कराचा ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’. अरबांबरोबर ऊस सिसिलीला आणि स्पेनला पोचला, तसा शब्दही पोचला: इटालियन झुक्केरो, फ्रेंच स्युक्र, इंग्रजी शुगर. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी तर अरबीतला ‘अल्’ हा उपपदाचा तुकडाही शब्दासकट उचलला. म्हणून स्पॅनिशमध्ये अथुकार, पोर्तुगीजमध्ये असूकार. म्हणजे कोझिकोडच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या पोर्तुगीज खलाशाच्या तोंडी घरून आणलेला असूकारही होता आणि इथे शिकलेला जागराही. दोन्ही एकाच शर्करेची लेकरे. हे सख्ख्या बहिणींची भेट झाली आणि ओळख पटली नाही, तसे झाले.

शुगरमधला ग कुठून आला, असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारतो. फ्रेंचात तर क आहे. मी त्याला फळ्यावरचा सण दाखवते. मकर संक्रांत. मकराचे आपण काय केले? मगर. बकाचे बगळा केले, काकाचे जुन्या भाषेत काग केले. दोन स्वरांच्या किंवा मृदू वर्णांच्या मध्ये सापडलेला क मऊ होऊन ग होतो, ही जिभेची सोय आहे. इंग्रजीतही तसेच काहीसे झाले असावे. ‘स’ लिहून ‘श’ का म्हणायचे, हा याहून नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की, जुना उच्चार ‘स्यूगर’च्या जवळचा होता, स आणि य लगटून बोलले की श होतो, आणि लिपी मात्र मागेच राहते. ‘शुअर’ या शब्दाची गतही तीच. इथे मुलांना एक धोका दाखवून ठेवते. शर्करेतला श आणि शुगरमधला श पाहून हुरळून जायचे नाही. मधल्या अरबीत तो स झालेला होता. इंग्रजी श हा वारशाने आलेला नाही, तो तिथे स्वतंत्रपणे उगवला. सारखे दिसते ते सगळेच नात्याचे नसते, हे शब्दांच्या अभ्यासात फार लवकर शिकावे लागते.

आणि नात्याचे असते ते कधी कधी सारखे दिसत नाही. दिवाळीच्या फराळातल्या शंकरपाळ्या घ्या. शंकराचा इथे काय संबंध? फारसीत ‘शकरपारा’ म्हणजे साखरेचा तुकडा. पारा म्हणजे तुकडा. हिंदीत तो शक्करपारा म्हणून टिकला. मराठी कानाला शक्कर परका वाटला असावा, शंकर ओळखीचा; म्हणून देव आत आला आणि पाऱ्याची पाळी झाली. तेव्हा आपल्या एका स्वयंपाकघरात ही शर्करा दोनदा नांदते: डब्यात साखर म्हणून, ती थेट प्राकृतातून आलेली, आणि फराळाच्या ताटात शंकर म्हणून, ती इराणला जाऊन आलेली. मी मुलांना सांगते, ही माहेरवाशीण. वेश बदलला, चाल बदलली, पण आली ती याच घरी.

अलीकडे तिसरीही आली आहे. “आजीला शुगर आहे,” हे वाक्य आता प्रत्येक घरात ऐकू येते. ‘आजीला साखर आहे’ असे कुणी म्हणत नाही. मराठीने ‘शुगर’ घेतला तो गोडीसाठी नव्हे, विकारासाठी घेतला. गोडीला साखर शिल्लक होतीच. परभाषेतला शब्द घरात येतो तेव्हा तो जुन्या शब्दाला हुसकावतोच असे नाही. पुष्कळदा दोघे काम वाटून घेतात. सुश्रुताची शर्करा लघवीतली, आजीची शुगर रक्तातली. हजारो वर्षांच्या फेऱ्यानंतर हा शब्द पुन्हा वैद्याच्या दारात उभा राहिलेला पाहून मला खरोखर नवल वाटते.

गुळव्याच्या लेकीने काढलेली खडीसाखर अजून बाजूलाच आहे. तिला इंग्रजीत म्हणतात शुगर कँडी. कँडी म्हणजे खंड. संस्कृत खंड, म्हणजे तुकडा, आणि त्यावरून गोठवलेल्या साखरेचा तुकडा, हिंदीत खांड. फारसी-अरबीत ‘कंद’, त्याचे विशेषण ‘कंदी’, फ्रेंचातून इंग्रजीत कँडी. आधी जोडनाव होते, मग शुगर गळाली आणि नुसती कँडी उरली. म्हणजे ‘शुगर कँडी’ हे जुन्या संस्कृतात परतवले तर ‘शर्कराखंड’ होते, आणि मराठीत परतवले तर खडीसाखर! इंग्रजी शिकणाऱ्या मुलासाठी याहून सोपे स्पेलिंग पाठांतर मला ठाऊक नाही. हाच कंद ‘गुल’ला जोडून गुलकंद झाला. गुलाब फारसी, कंद फारसी वेशातला आपला खंड. गुलकंदातला कंद म्हणजे सुरणासारखा जमिनीतला कंद असे मी लहानपणी समजत असे, आणि गुलाबाची मुळे आटवून तो करत असतील अशी माझी समजूत होती.

खंडावरून खंडी आठवते. वीस मणांची खंडी. मुंबईच्या व्यापारात इंग्रज तिलाही ‘कँडी’च म्हणत, त्यामुळे जुन्या जमाखर्चात कापसाच्या कँड्या वाचताना नवख्याचा गोंधळ उडावा. आणि मोल्सवर्थसाहेबाच्या कोशाला हातभार लावणारा, मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावणारा मेजर कँडी? त्याच्या आडनावाचा साखरेशी आणि खंडीशी संबंध नाही. पण त्याचे नाव निघाले की मी वर्गाला मोल्सवर्थचा कोश दाखवते. १८५७च्या आवृत्तीचे ते भले थोरले पुस्तक टेबलावर ठेवले की मुले गूळ, गुऱ्हाळ, ढेप, चिपाड हे आपले घरचे शब्द शोधतात, आणि त्यांच्यापुढे इंग्रजी वाक्ये वाचतात. आपल्या चुलवाणाजवळच्या बोलीला कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी इतक्या आस्थेने इंग्रजीत समजावून सांगितले, हे पाहून त्यांचे चेहरे बदलतात. तेवढ्या दहा मिनिटांत मुले जितके इंग्रजी वाचतात तितके महिनाभरात वाचत नाहीत.

त्याच्या शेजारी दुसरा कोश ठेवते, यूल आणि बर्नेल यांचा, १८८६चा ‘हॉब्सन-जॉब्सन’. जॅगरी आणि शुगर ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे त्यात नोंदलेले आहे. या कोशाचे नाव तर स्वतःच एक सणावाराची गोष्ट. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत होणारा ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी ऐकला आणि त्यांच्या तोंडी त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. दोन सर्वसाधारण इंग्रजी आडनावे! आपण शकरचा शंकर केला, त्यांनी हुसेनचा जॉब्सन केला. अनोळखी ध्वनीला ओळखीचा चेहरा देण्याची ही खोड सगळ्या भाषांना आहे.

वर्गातली एक मुलगी हलव्याबाबत असेच म्हणाली होती: “हलवून हलवून करतात म्हणून हलवा.” काटेरी हलवा करताना परात खरोखर तासन्‌तास हलवावी लागते, तेव्हा तिचे खोटे कसे म्हणावे? पण हलवा अरबी. ‘हुल्व’ म्हणजे गोड, त्यावरून हलवा, आणि इंग्रजी कोशात तो हलवा म्हणूनच आहे. तिची व्युत्पत्ती चुकली, निरीक्षण चुकले नाही. मी फळ्यावर दोन्ही लिहिले.

आता तीळ. तिळाला इंग्रजीत सेसमी. हा शब्द ग्रीकांनी पश्चिम आशियातून घेतलेला; अरबीत त्याचा भाऊबंद ‘सिमसिम’. एवढे सांगितले की वर्गात एकच गलका होतो: “खुल जा सिमसिम!” अलीबाबाच्या गुहेचे दार उघडणारा मंत्र म्हणजे तिळाचेच नाव. मराठीत तर तो उघडउघड ‘तिळा तिळा दार उघड’ असाच आला आहे, आणि इंग्रजीत ‘ओपन सेसमी’. तिन्ही वाक्ये मुलांना आधीपासून पाठ असतात. ती एकच आहेत हे फक्त जोडून द्यावे लागते. दक्षिणेकडे तिळाच्या तेलाला इंग्रजीत ‘जिंजेली’ म्हणतात, तो अरबी ‘जुलजुलान’वरून आलेला दिसतो. अरबीत ‘जुलजुल’ म्हणजे लहानशी घंटा, घुंगरू. वाळलेल्या बोंडात तीळ खुळखुळतात, त्यावरून तर हे नाव पडले नसेल? वाचकांनीही विचार करून पाहावा.

तिळाची खरी सत्ता मात्र ‘तेल’ या शब्दात आहे. तैल म्हणजे तिळाचे. पुढे सरकी, करडई, शेंगदाणा सगळ्यांच्या रसाला तिळाचेच नाव लागले. इंग्रजीत हुबेहूब हेच घडले. ‘ऑइल’ हा शब्द लॅटिन ओलेउम, ग्रीक एलाइऑन यांवरून आला आणि त्याचा अर्थ ऑलिव्हचा रस. ज्या मुलखात जे पिकले त्याने तेलाला नाव दिले. म्हणून ‘तिळाचे तेल’ आणि ‘ऑलिव्ह ऑइल’ या दोन्ही, मुळात पाहिले तर, द्विरुक्ती आहेत. रॉकेल म्हणजे तर ‘रॉक ऑइल’, खडकातले ऑलिव्ह! आणि आपण त्याला पुन्हा ‘रॉकेल तेल’ म्हणतो. खडक, ऑलिव्ह आणि तीळ एका बाटलीत.

राहिला गोड. गुडापासून केलेले ते ‘गौड’, त्यावरून आपला गोड निघाला असावा. कोकणीत अजूनही गुळालाच गोड म्हणतात, तेव्हा ही अटकळ बळकट वाटते. म्हणजे ‘गोड बोला’ याचा जुना अर्थ गुळासारखे बोला. इंग्रजीत स्वीट. आणि स्वीटपाशी मी वर्गाला थांबवते, कारण हा शब्द उसना नाही. संस्कृत स्वादु, ग्रीक हेदुस, लॅटिन सुआविस आणि इंग्रजी स्वीट ही एकाच फार जुन्या घराण्याची भावंडे. तसेच मधू आणि इंग्रजीतले मधाचे मद्य ‘मीड’. यांच्यात कुणी कुणाकडून काही घेतलेले नाही. वाटण्या होण्याआधीची ही ठेव आहे.

मग फळ्याचे तीन भाग करते. नातलग, पाहुणे आणि माहेरवाशिणी. मुलांनी घरून आणलेल्या चिठ्ठ्या त्यात लावायच्या. स्वीट, मीड नातलगांत. जॅगरी, शुगर, कँडी इंग्रजीच्या घरचे पाहुणे. गुलकंद, शंकरपाळी, आजीची शुगर माहेरवाशिणींत. नाताळ कुठे लावायचा यावर डिसेंबरपासून वाद चाललेला असतो. मुलांना तो अस्सल मराठी वाटतो, कारण त्यात ळ आहे. पण तो पोर्तुगीज ‘नाताल’, म्हणजे जन्म. १४९७च्या नाताळात वास्को द गामाने आफ्रिकेचा जो किनारा पाहिला त्याचेही नाव नाताल पडले. गोव्यावाटे शब्द आला आणि मराठीने त्याला ळ दिला. पोर्तुगिजांना ळ म्हणता येत नाही. आपण तो दिला म्हणजे शब्द घरचा केला. ‘सण’ आणला एका मुलाने. संस्कृतात क्षण म्हणजे निमिषही आणि उत्सवही. पालीत उत्सवाला ‘छण’. त्यातूनच सण आलेला दिसतो. समोर ‘हॉलिडे’ लिहिले, होली आणि डे, पवित्र दिवस. इंग्रजांचा दिवस, आपला क्षण.

इंग्रजीत गेलेल्या भारतीय शब्दांच्या याद्या पाठ्यपुस्तकांतून असतात: बंगला, पायजमा, शाम्पू. त्या मी कधी पाठ करून घेत नाही. यादीतला शब्द मुलाच्या हाताला लागत नाही. शब्द शिकवायचा तर तो जिथे नांदतो तिथून उचलावा, सुगडातून, परातीतून, गुळाच्या ढेपेवरून. आणि मुलाच्या जिभेवर त्याची चव असतानाच कोश उघडावा. इंग्रजीची भीती व्याकरणाने जात नाही. त्या भाषेत आपल्या घरचे कुणीतरी आधीच राहते आहे, हे कळले की ती जाते.

तासाच्या शेवटी वाक्य तयार होते: टेक सेसमी अँड जॅगरी, स्पीक स्वीटली. त्यातला टेक उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, सेसमी पश्चिम आशियातला, जॅगरी मलबारची, स्वीट स्वादुची बहीण. चारी दिशांचे शब्द एका ओळीत बसतात, आणि वर्ग ते एका सुरात म्हणतो.

घंटा होण्याआधी एक यादी वाचून दाखवते. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाते. कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही आपली गावे तिच्यात आहेत. भडोच आणि अरियाके, म्हणजे बहुधा गुजरात-उत्तर कोकणाचा पट्टा, इथून आफ्रिकेच्या बंदरांकडे काय काय जाते ते त्याने एका दमात सांगितले आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड, कमरपट्टे, आणि अखेरीस बोरूचा मध, ज्याला म्हणतात ‘साक्खारी’.